होडीच्या तेलाची वही

इंजिन आलं त्या दिवशी सासऱ्यांनी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. टेम्पो अंगणाबाहेर थांबला, दोघांनी मिळून लाकडी खोका उतरवला, शेजारपाजारचे गोळा झाले. सासरे ओट्यावर पाठमोरे बसून जाळं विणत राहिले. त्यांची जुनी लाकडी होडी तळाला कुजली होती. दोनदा फळ्या बदलल्या, डांबर लावून झालं, तरी पाणी आत यायचंच. शेवटी माझ्या नवऱ्याने मुंबईहून येऊन ठरवून टाकलं की आता फायबरची होडी घ्यायची आणि मागे मशीन लावायचं. सासरे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

आमचं गाव महाडच्या खाली, सावित्री हळूहळू खाडी व्हायला लागते तिथे. घर अलीकडे, भाताचे चार तुकडे पलीकडे. पुलावरून वळसा घालून गेलं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून घरात होडी हवीच. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्यातून दोनदा येणार. सासऱ्यांचे खांदे आता वल्ह्याला साथ देत नव्हते. तेव्हा मशीन कोण चालवणार, हे कुणी न बोलताच माझ्याकडे आलं.

मी माहेरची कुडपणची, वर पोलादपूरच्या डोंगरातली. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, नाहीतर कातळावरून धावत खाली जाणारं. पाऊस सरला की सकाळी खालची सगळी दरी धुक्याने भरायची, मधूनमधून डोंगरांचे माथे तेवढे वर राहायचे. लहानपणी मला तोच समुद्र वाटायचा. त्या पांढऱ्या पाण्यावरून कुणीतरी होडी घेऊन येईल आणि आमच्या अंगणाच्या कडेला लावील, असं मी किती तरी सकाळी बघत बसले आहे. लग्न होऊन खाडीकाठी आले तेव्हा पहिले कित्येक दिवस मला घेरी यायची. दिवसातून दोनदा पाणी यायचं, दोनदा जायचं. सकाळी ओट्यावरून दिसलेली खाडी दुपारी तिथे नसायची, नुसता चिखल आणि त्यात पाय उचलून चालणारे बगळे. मग सावकाश पुन्हा पाणी. सवय झाली तरी ते बघताना आपण अर्धवट झोपेत आहोत असं अजूनही वाटतं.

इंजिनाबरोबर एक निळं पुस्तक आलं होतं. इंग्रजीत. माझी बारावी झालेली, काही वर्षं बालवाडीत शिकवलेलं, म्हणून तेही माझ्याकडेच आलं. त्यात लिहिलं होतं की पहिल्या वीस तासांनी तेल बदलायचं, पुढे दर शंभर तासांनी. वॉरंटी दोन वर्षांची. आणि कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर होतं कशेडी घाट ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात, समुद्राकाठच्या एका बंदरात. दर वेळी दोन माणसांनी मशीन उतरवायचं, टेम्पोत घालायचं, घाटातून न्यायचं, दिवसभर थांबायचं आणि परत आणायचं. नवरा म्हणाला, हायवेवरच्या एखाद्या मेकॅनिककडून करून घेऊ. मी महाडला एकाला विचारून आले. तेल तो आनंदाने बदलून द्यायला तयार होता, पण कागदावर काही लिहून द्यायला तयार नव्हता.

मग मी ते पुस्तक घेऊन बसले. जेवणं झाल्यावर, भांडी घासून झाल्यावर, अडेल तो शब्द मोबाइलवर शोधत तीन दुपारी वाचलं. शेवटची चार पानं वॉरंटीची होती. अक्षरं मुंगीएवढी. तिसऱ्या दुपारी मला ते वाक्य सापडलं. ठराविक वेळेला करायची साधी देखभाल मालकाने स्वतः केली तरी चालेल, मात्र तेल सांगितलेल्या प्रतीचंच हवं, वेळ पाळलेली हवी, आणि मागितला तर पुरावा दाखवता आला पाहिजे. मी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली. इतके दिवस ते पुस्तक मला काय करायचं नाही तेवढंच सांगत होतं. या एका ओळीत पहिल्यांदाच ते माझ्याशी बोललं.

हे मी ज्यांना वाचून दाखवलं ते चाचा. आमच्याच गावातले, मशिदीमागच्या आळीतले. सासरे आणि ते एका वयाचे, लहानपणी एकत्र पोहायला शिकलेले. चाचांनी अर्धं आयुष्य आखातात काढलं होतं, मोठी जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटींवर, खाली इंजिनाच्या खोलीत. आता कायमचे परत आले होते. रोज चारच्या सुमारास आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. दोघं म्हातारे फारसं बोलायचे नाहीत. खाडीकडे तोंड करून बसायचे आणि भरती कुठवर आली ते बघायचे.

चाचांनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मालकाने, असा लिवलाय ना? म्हंजे तू. मी बाजूला बसून सांगन, हात लावणार नाय."

मला ते जरा लागलं. ज्या माणसाने जन्मभर हेच काम केलं त्याने एकदा करून दाखवायला काय हरकत होती? पण ते ऐकेनात.

पहिल्या तेलाचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. होडी वर ओढून घेतलेली. मशीन लाकडी चौकटीवर उभं केलेलं, त्याचं खालचं टोक पाण्याच्या पिंपात. चाचा स्टुलावर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आधी मशीन थोडा वेळ चालवायला लावलं. गरम तेल आतला मळ घेऊन उतरतं, थंड तेल मळ आतच सोडून येतं, असं त्यांनी समजावलं. मग बंद करून थोडं थांबायचं. मग खालचा स्क्रू पान्याने सैल करून उरलेला हाताने फिरवायचा, अगदी शेवटचा आटा सुटेपर्यंत. तो सुटला आणि तेल आलं. मी कसली तरी काळी घाण येईल म्हणून तोंड फिरवून बसले होते. आली ती मधासारखी जाड, तपकिरी धार. उन्हात तिच्या आतून उजेड जात होता. ती खाली थाळीत पडताना आवाजही करत नव्हती. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे. चाचांनी घाई केली नाही.

जुना वायसर फेकायचा, नवा घालायचा. फिल्टरच्या रबराला बोटाने थोडं ताजं तेल लावायचं. नवं तेल नरसाळ्यातून ओतायचं. मी भराभर ओतायला लागले तशी चाचांनी मान हलवली. म्हणाले, तेल आपल्या पायांनी खाली जातं, त्याला ढकलू नये. थोडं ओतायचं, थांबायचं, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची. मग खालचं गिअरचं तेल. ते वरून ओतायचंच नाही, खालच्या भोकातून वर चढवायचं. वरच्या भोकातून बाहेर आलं की समजायचं, आत हवा उरली नाही. शेवटी पाण्यात फिरणारा पंखा काढून त्यामागे जाळ्याचा दोरा अडकलाय का ते बघायचं, कारण नायलॉनचा एक बारीक धागासुद्धा आतलं सील कापतो आणि त्यातून पाणी शिरतं.

काढलेलं तेल मी कॅनमध्ये भरून महाडच्या गॅरेजवर दिलं. चाचांची तशी सक्त ताकीद होती. खाडीत एक थेंब गेला तर ते माझ्याशी बोलणार नाहीत, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आता पुरावा. मशीनला तास मोजायचं घड्याळ नव्हतं. तेव्हा किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता बंद केलं, हे दर वेळी लिहिणं आलं. बालवाडीची एक कोरी वही घरात पडून होती. तिच्यात मी रकाने आखले. तारीख, सुरू, बंद, एकूण. आणि सवयीने शेवटचा रकाना आखला शेऱ्याचा. शाळेच्या प्रत्येक वहीत तो असतोच.

त्या शेऱ्यात आधी मी कामाचंच लिहायचे. तेल पाहिलं, ठीक. पंख्यामागे दोरा नाही. पण रोज तेच ते काय लिहायचं? कधीतरी मी लिहिलं, "धुकं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, आवाजावरून गेले." मग दुसऱ्या दिवशी लिहिलं, "पाणी काचेसारखं. बंद केल्यावरही होडी बराच वेळ आपली आपण जात राहिली." असं होत होत तो रकाना भरायला लागला. वेळ लिहायला वही उघडायची आणि तिथेच होडीत बसून दोन ओळी खरडायच्या. आयुष्यात मी कधी रोजनिशी लिहिली नव्हती. इंजिनाच्या वॉरंटीपायी लिहायला लागले.

सासरे होडीत यायचे. पुढे टोकाला, मशीनकडे पाठ करून बसायचे. खाडीचा तळ सारखा बदलतो, काल जिथे खोल होतं तिथे आज गाळ येऊन बसलेला असतो. ते पाण्याचा रंग बघून डावा किंवा उजवा हात थोडासा वर करायचे. तिकडे मी वळवायची. तोंडाने एक शब्द नाही. मशीनचा आवाज असताना बोलून ऐकूही गेलं नसतं. कितीतरी सकाळी आम्ही तसे गेलो. धुक्यात पुढे त्यांची पाठ आणि मधूनच वर होणारा हात, एवढंच मला दिसायचं. कधी कधी वाटायचं की होडी उभीच आहे, काठ मागे मागे जातायत, आणि हा हात त्यांना बाजूला सारतोय. त्या दिवसांच्या शेऱ्यात बऱ्याच ठिकाणी लिहिलंय, "सासरे गप्प." एका ठिकाणी लिहिलंय, "सासरे बोलले. म्हणाले, इथं लहानपणी बांबू तळाला टेकायचा नाय."

पहिलं वर्ष असं गेलं. दुसऱ्या वर्षी पूर आला.

वरून नद्या आणि खालून भरती, दोन्ही एकदम. खालच्या वाडीत छपरांना पाणी लागलं. गावात मशीनच्या होड्या तीनच, त्यातली एक आमची. चार दिवस आम्ही उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माणसं वाडीतून टेकाडावरच्या शाळेत नेली. सासरे पुढे उभे राहून बांबूने वाहत येणारी झाडं बाजूला लोटायचे, मी मागे. त्या दिवसांतलं मला सलग काही आठवत नाही. आठवतं ते स्वप्नासारखं तुकड्यातुकड्यांनी. शिवणयंत्र मांडीवर घेऊन बसलेली एक बाई, जिने वाटभर त्याचं चाक हाताने धरून ठेवलं होतं. आंब्याच्या शेंड्याखालून वाकून जाणं. ज्या बांधावर बसून मी डबा खायची त्याच्या वरून होडी जाणं, आणि खाली तो आहे हे मला माहीत असणं. चिखलाच्या पाण्यावर पडलेलं विचित्र पिवळं ऊन. एक म्हातारा सारखं विचारत होता की आपण कुठल्या गावाला चाललोय.

पाणी उतरल्यावर चाचा आले. घरात अजून गाळ होता. त्यांनी आधी सगळ्यांची चौकशी केली, मग म्हणाले, "आज तेल काढ. उद्यावर टाकू नको."

इंजिनाचं तेल काळपट झालेलं, पण ठीक होतं. मग खालचा गिअरचा स्क्रू काढला. तेल आलं ते दुधाच्या चहासारखं. मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी सावकाश मान हलवली. आत पाणी गेलं होतं. पंखा काढला, मागे दोरा नव्हता, कसला ओरखडाही नव्हता. म्हणजे सील आतूनच खराब. त्यांनी मला फोटो काढायला लावले, ते चहासारखं तेल काचेच्या बाटलीत भरून ठेवायला लावलं आणि सांगितलं, आता मशीन चालवायचं नाही. वॉरंटीचे अजून काही महिने होते.

त्या दुपारी मी वही उघडली. पुराचे चार दिवस कोरे होते. पहिल्याच फेरीला शाळेच्या कपाटावर ठेवलेली वही सुकी राहिली होती, पण त्या दिवसांत ती आठवली कुणाला? मागच्या तेलापासून पुरापर्यंतचे तास होते एक्क्याण्णव. शंभराला नऊ कमी. चार दिवसांत नऊ तास कधीच उलटून गेले असणार, म्हणजे तेलाची वेळ चुकली, म्हणजे वॉरंटी गेली. नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, दिवसाला दोन तास दाखव, कोण बघायला आलं होतं? तो वाईट माणूस नाही. पुरात तो मुंबईत अडकून पडला होता, आणि आमच्यासाठी काहीतरी करायची त्याला घाई होती.

मी पेन्सिलने चार ओळींत दोन, दोन, दोन, दोन असं लिहिलं. बेरीज नव्याण्णव. फार सोपं होतं. अक्षरही माझंच, वहीही माझीच. मी ते शाईने गिरवायला पेन उघडलं, तेवढ्यात सासरे ओट्यावरून आत आले. त्यांना वाचता येत नाही. पण मी इतका वेळ एका पानाशी बसलेय हे त्यांनी पाहिलं असावं. काय लिहितेस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं.

ते उभेच होते. तसेच म्हणाले, "त्या दिसांचा खोटा लिवू नको, बाय. होडीत माणसा होती."

एवढं बोलून ते परत बाहेर गेले.  मग मी खोडरबर शोधलं. ते चारही आकडे पुसले आणि चार ओळींवर मिळून एकच नोंद लिहिली, "पूर. चार दिवस. तास माहीत नाहीत. इंजिन फक्त पेट्रोल भरताना बंद केलं." वॉरंटी आता गेली असं मी मनाशी धरून चालले. रडूही आलं, पण आतून हलकंही वाटत होतं.

तरी जाऊन तर बघायचं होतं. पुढच्या आठवड्यात टेम्पोत मशीन घातलं. मी आणि चाचा पुढे, ड्रायव्हरशेजारी. दरड पडल्यामुळे कशेडीत गाड्या एकेरी सोडत होते. ढग रस्त्यावर उतरले होते. पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे तेवढे दिसायचे, तेही मधूनच विरघळायचे. तासभर आम्ही त्या पांढऱ्यात इंच इंच सरकत होतो. चाचा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले की आखातात रेतीचं वादळ आलं की असंच व्हायचं, फक्त ते पिवळं असायचं, आणि तेव्हा त्यांना हाच घाट आठवायचा.

सर्व्हिस सेंटरवरचे साहेब चष्मा लावणारे, बारीक आवाजाचे गृहस्थ होते. त्यांनी मशीन फिरवून पाहिलं, स्क्रूच्या डोक्यावर पान्याच्या खुणा दिसल्या, आणि सरळ सांगितलं की हे बाहेर उघडलेलं आहे, वॉरंटीत बसणार नाही. मी निळं पुस्तक काढलं आणि पेन्सिलने रेघ मारलेलं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आत जाऊन कुणाला तरी फोन केला. परत आल्यावर म्हणाले, ठीक आहे, पुरावा काय?

मी पिशवी रिकामी केली. तेलाची बिलं, ज्यावर तेलाची प्रत छापलेली. रिकाम्या डब्यांची कापून ठेवलेली लेबलं. प्रत्येक वेळचा जुना फिल्टर वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर तारीख. ती बाटली. मोबाइलवरचे फोटो. आणि वही.

साहेब वही चाळायला लागले. सुरुवातीला चुका शोधणाऱ्याच्या बोटांनी, भराभर. मग बोटं हळू झाली. एका पानावर थांबले. काही पानं मागे गेले. मला लक्षात आलं की ते तासांचा रकाना सोडून शेरे वाचतायत, आणि माझे कान तापले. घरचं काहीतरी चारचौघांत उघडं पडावं तसं झालं. त्यांनी मान वर न करता विचारलं की हे 'सासरे गप्प' असं इतक्या वेळा का लिहिलंय. मी म्हटलं, ते पुढे बसतात, वाट दाखवतात. ते नुसतं हं म्हणाले.

मग ते पुराच्या पानावर आले. तिथे बराच वेळ थांबले.

"इथे तासच नाहीत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाहीत. मोजले नाहीत. शंभराच्या वर नक्की गेले असतील."

हे मी का सांगितलं, मला अजून कळत नाही. त्यांनी विचारलंही नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. खिडकीबाहेर बंदरातल्या होड्या एका लयीत वरखाली होत होत्या. मग म्हणाले की ते स्वतः काही ठरवू शकत नाहीत, पण जे आहे ते, जसं आहे तसं वर लिहून पाठवतील. वहीच्या सगळ्या पानांचे फोटो त्यांनी स्वतः उभं राहून काढले.

चहा आला तेव्हाची गोष्ट. मी माझा कप घेतला. चाचांनी एका हाताने बशी उचलली आणि दुसऱ्या हाताने तो हात धरला, तरी कप बशीवर खडखड वाजायला लागला. त्यांनी तो न पिताच खाली ठेवला आणि हात पुन्हा मांड्यांखाली सारले. इतक्या दिवसांत ते मी पाहिलंच नव्हतं. आमच्या ओट्यावर ते चहा नको म्हणायचे, हात कधी खिशात, कधी मांडीखाली असायचे. ते का हात लावणार नव्हते ते मला तिथे, त्या परक्या गावात कळलं.  मी त्यांचा कप अर्धा रिकामा करून, उचलायला सोपा करून, पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे न पाहता तो प्यायला.

मेकॅनिकने आमच्यासमोर खालचा भाग उघडला. सीलच्या रबराची कड एका बाजूला आत दुमडलेली होती, कारखान्यात बसवतानाच दुमडली असावी. दोऱ्याने कापल्याची खूण नव्हती. चाचांनी वाकून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी फार जुनं येऊन गेलं. मशीन तिथेच ठेवून आम्ही परत निघालो.

नंतरचे सहा आठवडे खाडी फार शांत होती. शेजाऱ्यांकडून वल्ही मागून आणली. सासऱ्यांच्याने फार वेळ होत नसे म्हणून मी शिकले. ते समोर बसून नुसतं 'आता' म्हणायचे, त्या 'आता'वर मी ओढायची. पाण्यात वल्हं बुडायचं, निघायचं, थेंब गळायचे. मशीनच्या आवाजाखाली दडलेलं सगळं ऐकू यायला लागलं. चिखलात खेकडे चालतात त्याचाही आवाज असतो. सासरे बोलायला लागले. कुठे त्यांचे वडील जाळं टाकायचे, कुठे एका वर्षी पाणी इतकं गोडं झालं की मासेच मिळाले नाहीत. चाचा आणि ते एकदा भरतीबरोबर वाहत कुठवर गेले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा काय झालं. हे सगळं मी कुठेच लिहिलं नाही, तास नव्हते म्हणून वही बंद होती.

पत्र आलं ते साध्याच भाषेत होतं. सील आणि त्यामुळे गंजलेले गिअरचे दाते वॉरंटीत बदलून मिळतील. चार दिवसांच्या न मोजलेल्या तासांबद्दल एवढंच लिहिलेलं की यापुढे नोंद अखंड ठेवावी. खाली साहेबांची सही. त्यांनी वर नेमकं काय लिहून पाठवलं होतं, ते मला कधीच कळलं नाही. मी पत्र सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाळं कुठे ठेवलंय ते विचारलं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, बरं झालं तू माझं ऐकलं नाहीस.

आता ती वॉरंटी संपूनही दिवस झाले. तेल अजून मीच बदलते. चाचा हल्ली मुंब्र्याला लेकीकडे असतात, तिथे हातांवर औषध चालू आहे. गेल्या वेळी मी तेल काढताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. लेकीने मोबाइल धरला होता. मी पट्टी पुसून, पुन्हा बुडवून, बाहेर काढून मोबाइलसमोर धरली. मागे आभाळ पांढरं होतं, त्यामुळे त्यांना रंग नीट दिसेना. त्यांनी मला सावलीत जायला सांगितलं. मी पिंपाच्या आड बसून धरली. ते बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं चित्र अडकलं.

मग म्हणाले, "हां. बराबर हाय. आता वास बघ आणि मला सांग."

मी वास घेतला आणि सांगितला. त्यांनी आणखी बरंच विचारलं, खाडी कशी आहे, गाळ कुठवर आलाय, सासऱ्यांचा खोकला गेला का. बोलता बोलता सुकती लागली, पाणी ओसरायला लागलं. होडीच्या तळाखालचं पाणी सरकताना मला दिसत होतं. थोड्या वेळाने होडी चिखलात बसली असती आणि संध्याकाळपर्यंत हलली नसती. म्हणून मी चाचांना थांबा म्हटलं, मोबाइल फळीवर उभा करून ठेवला, आणि गुडघाभर पाण्यात उतरून होडी खोल पाण्याकडे ढकलायला लागले.